कोटभर आंबे आणि शंभर मीटर सुंब

पत्र देवगड तालुक्यातल्या एका आईचं आहे. थोडक्यात असं:

"माझा मुलगा पाचवीत आहे. एकं, दहं, शतं पासून थेट परार्धापर्यंत घडाघडा म्हणतो. नऊ अंकी संख्या वाचायला सांगितली तरी अडखळत नाही, गणितात मार्कही चांगले असतात. पण परवा पेट्या भरताना मला विचारतो, 'आये, आपल्या कलमांक कोटभर आंबे लागतत काय गो?' आमची सगळी मिळून चाळीस कलमं! त्याच आठवड्यात विजयदुर्ग बघून आला आणि विचारलं, महाराजांच्या वेळी डायनासोर होते का? मला हसू आलं, तर रुसून बसला. शाळेत बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वय वाढलं की समजेल. विश्व किती मोठं आहे ते दाखवणारे व्हिडिओ लावून दिले, तोंडाचा आ करून बघितले आणि दुसऱ्या दिवशी विसरला. तालुक्याच्या गावी अबॅकसचा क्लास निघालाय, तो लावू का? की हे खरंच आपोआप येतं?"

ताई, आपोआप येत नाही. येत असतं तर घरातल्या मोठ्यांना एव्हाना आलं असतं. आज जेवणं झाली की एक गंमत करा. कागदावर आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला एक हजार लिहा, उजव्या टोकाला शंभर कोटी. मग मुलाच्या बाबांना, आजोबांना, काकांना एकेकट्याने बोलावून विचारा, यात दहा लाख कुठे येतील? बहुतेकांची खूण रेघेच्या मध्याच्या आसपास पडेल. अमेरिकेत मोठ्या माणसांवर असे प्रयोग झाले आहेत, तिथेही बऱ्याच जणांनी मध्यावरच बोट ठेवलं. खरी जागा डाव्या टोकाला जवळजवळ चिकटून आहे. रेघ एक मीटर लांब असेल तर दहा लाख पहिल्या मिलिमीटरमध्येच येऊन जातात आणि बाकीची सगळी रेघ त्यापुढच्या संख्यांची असते.

असं का होतं ते कागदावरच दिसतं. १,००,००० आणि १,००,००,००० शेजारी शेजारी लिहून बघा. दोन शून्यं आणि एक स्वल्पविराम, एवढाच काय तो फरक, पट्टीने मोजला तर सेंटीमीटरभरही नाही. डोळ्याला जेवढा फरक दिसतो तेवढाच मन धरतं. त्यात शाळेत आपण मोठ्या संख्या वाचायला आणि लिहायला शिकवतो, आणि वाचता आल्या की समजल्या असं धरून पुढचा धडा उघडतो. तुमच्या मुलाच्या लेखी लाख, कोट, अब्ज ही सगळी 'खूप' याचीच वेगवेगळी नावं आहेत. महाराज आणि डायनासोरही 'खूप पूर्वी' या एकाच कप्प्यात बसलेत. त्याचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, आणि ते त्याने विचारले हे फार बरं झालं. न विचारणारी मुलं मोठी होऊन तशीच राहतात.

व्हिडिओ का टिकले नाहीत, तेही सांगते. त्यात दर दहा सेकंदांनी माप बदलतं. आधी माणूस, मग डोंगर, मग पृथ्वी, मग सूर्य, मग आकाशगंगा. मुलाच्या हातात कुठलंच माप राहत नाही. घरी करताना एवढंच पाळा, की एकदा धरलेलं माप त्या खेळात शेवटपर्यंत सोडायचं नाही. आणि 'किती' विचारण्यापेक्षा 'किती पट' हे जास्त विचारा. अंदाज आधी त्याचा, मोजणी मागून. अंदाज चुकला तरी खोडू नका, कॅलेंडरच्या पाठी तारीख घालून लिहून ठेवू द्या. चुकलेला अंदाज शेजारी दिसत असला की बरोबर उत्तराचा आकार ध्यानात राहतो.

सुरुवात त्याच्याच प्रश्नापासून करा. एक कलम घ्या. त्याला किती आंबे लागतात, ते त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक, पण हिशेबाला सोपं म्हणून हजार धरा. चाळीस कलमांचे झाले चाळीस हजार, तेही सगळी कलमं एकाच वर्षी धरली तर, आणि हापूस असं कधी करत नाही हे देवगडच्या माणसाला मी काय सांगायचं. आता लाखाला किती कलमं? शंभर. कोटीला? इथे त्याला थांबू द्या. 'दोनशे' म्हणेल, 'हजार' म्हणेल. दहा हजार कलमं लागतील. दोन कलमांमध्ये दहा मीटर अंतर सोडून लागवड केली तर हेक्टरला शंभर कलमं बसतात, म्हणजे लाख आंबे एका हेक्टरचे आणि कोटभर आंबे शंभर हेक्टरचे. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद, मध्ये घर नाही, विहीर नाही, नुसती कलमं. पेटीत पाच डझन भरलेत तर लाख आंब्यांना सुमारे १,६६७ पेट्या आणि कोटीला सुमारे १,६६,६६७. पेटीत गवत घालून साठ आंबे नीट रचायला किती वेळ लागतो हे त्याच्या हातांना माहीत आहे. तो हिशेब त्याचा त्यालाच करू द्या.

यानंतर पुळणीवर जा. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ओहोटीची वेळ बघून कुणकेश्वरला किंवा तुमच्या जवळ जी लांब पुळण असेल तिथे जा, पाणी ओसरलेली ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावर खुणा चांगल्या उठतात. शंभर मीटर सुंब न्या. सुंब नसेल तर नायलॉनची दोरी चालेल, दहा मीटर मोजून दहा वेळा पुढे सरकवली तरी चालेल. एका टोकाला काठी रोवा, ते शून्य. दुसऱ्या टोकाला दुसरी काठी, ते एक कोटी. आता मुलाच्या हातात एक शिंपला द्या आणि सांगा, लाख जिथे येतात तिथे हा ठेव.

शाळेत मी हा खेळ बऱ्याच मुलांबरोबर केला आहे. हुशार मुलं तीस-चाळीस पावलं चालतात, काही तर थेट मध्यावर जाऊन उभी राहतात. मग भागाकार करायला सांगायचं. कोटीत लाख किती? शंभर. सुंब किती मीटर? शंभर. म्हणजे लाखाला एक मीटर. मूल परत शून्याच्या काठीकडे चालत येतं, आणि त्या परतीच्या वाटेवर जे कळतं ते फळ्यावर कितीही शून्यं काढली तरी कळत नाही. मग हजार कुठे? शून्यापासून एक सेंटीमीटर, बोटाच्या रुंदीएवढं. शंभर? एक मिलिमीटर. दहा म्हणजे वाळूच्या बारीकशा कणाएवढं अंतर, तिथे शिंपला ठेवायलाच जागा नाही. तुमच्या चाळीस कलमांचे चाळीस हजार आंबे चाळीस सेंटीमीटरवर येतात. तिथे त्याला एक खरा आंबा ठेवायला सांगा आणि दूरच्या काठीकडे बघायला सांगा. 'कोटभर आंबे लागतत काय' याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागणार नाही.

सुंब गुंडाळण्याआधी आणखी थोडं पुढे जा, पण आता चालायचं नाही, नुसतं त्याच मापाने बोलायचं. कोटीला शंभर मीटर, तर अब्जाला दहा किलोमीटर. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर आहे, म्हणजे चौदा किलोमीटर आणि वर थोडं. जगाची ८०० कोटींच्या पुढे, म्हणजे ऐंशी किलोमीटर, एसटीने दोन-अडीच तासांची वाट. बातम्यांमध्ये 'हजार कोटी' आणि 'लाख कोटी' एकाच सुरात वाचतात आणि आपणही एकाच कानाने ऐकतो. आपल्या सुंबावर हजार कोटी शंभर किलोमीटरवर आहेत आणि लाख कोटी दहा हजार किलोमीटरवर. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ५० लाख कोटी रुपयांचा होता. तो या सुंबावर मोजायला गेलात तर पाच लाख किलोमीटर होतात. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, सुंब त्याच्याही पलीकडे जातं. हे मुलाबरोबर त्याच्या बाबांनाही ऐकू दे.

एक सावधगिरी मात्र सांगते, कारण यात पुष्कळ जण फसतात. लांबीत कोटी दाखवला तर तो अफाट वाटतो, पण तोच कोटी ढिगात दाखवला तर किरकोळ दिसतो. एक कोटी मिलिमीटर एका ओळीत मांडले तर दहा किलोमीटर होतात. एक मिलिमीटरच्या चौकटींचा आलेखाचा कागद घेऊन कोटी चौकटी जमिनीवर अंथरल्या तर दहा चौरस मीटर, म्हणजे दहा बाय अकरा फुटांची एक खोली भरते. आणि मिलिमीटरभराचे कोटी ठोकळे एकमेकांवर नीट रचले तर दहा लिटरच्या एका बादलीत मावतात. रस्ता, खोली, बादली, आकडा मात्र तोच. म्हणून मुलाला तांदळाचा किंवा वाळूचा ढीग दाखवून 'हे बघ कोटी' म्हटलंत तर तो म्हणेल, 'बस, एवढेच?' आणि त्याचं म्हणणं चूक नसेल. पुळणीवरून निघताना एक बादली वाळू भरून घ्या. कण सरासरी एक मिलिमीटरचा धरला तर त्या बादलीत साधारण कोटभर कण असतात, वाळू बारीक असेल तर त्याच्या कितीतरी पट. मग हे तिन्ही कोटी शेजारी ठेवून त्याला विचारा, असं कसं? पाचवीतल्या मुलाला लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ यांतला फरक इतका चांगला दुसरीकडे कुठे भेटणार नाही.

पावसात पुळणीवर जाऊ नका, तेव्हा पाऊसच मोजा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. मग तीन मीटर पावसाचे एका चौरस मीटरवर तीन हजार लिटर झाले. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, तेव्हा एका गुंठ्यावर पावसाळाभरात तीन लाख लिटर आणि तेहतीस गुंठ्यांवर कोटभर लिटर. तुमच्या बागेचे गुंठे सातबाऱ्यावर आहेतच. मुलाला विचारा, आपल्या बागेवर यंदा किती कोटी लिटर पडलं असेल? तेच पाणी मे महिन्यात हंड्याने मोजून आणतो, तेव्हा किती हंडे लागले असते? (मग ते सगळं पाणी गेलं कुठे, हे विचारलंन तर ती दुसऱ्या पत्राची गोष्ट.)

आता परार्धाचं. पाठ केलंय ते वाया जाऊ देऊ नका, त्याला सेकंदांची जोड द्या. हजार सेकंद म्हणजे सोळा मिनिटं चाळीस सेकंद, भात शिजेपर्यंत. लाख सेकंद म्हणजे सव्वा दिवसाच्या थोडं अलीकडे, आज सकाळपासून उद्या दुपारपर्यंत. कोटी सेकंद म्हणजे ११६ दिवस, मृग लागल्यापासून सप्टेंबर सरेपर्यंतचा अख्खा पावसाळा. अब्ज सेकंदांना ३१ वर्षं आणि आठेक महिने लागतात. मग त्याच्या ओळखीतलं त्या वयाचं माणूस कोण ते त्याला शोधू द्या, मावशी असेल, मामा असेल. तिथून पुढे दर पायरीला दहाने गुणत जायचं. खर्व ३१७ वर्षं, निखर्व ३,१७० वर्षं, आणि असं चढत चढत परार्ध सेकंद म्हणजे सुमारे ३१७ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे, म्हणजे तो जो परार्ध एका श्वासात म्हणून टाकतो, त्याला पृथ्वी जन्मल्यापासून सेकंद मोजत बसलं असतं तर दोन परार्धही पुरे झाले नसते.

एक अडचण येईल, तिची तयारी ठेवा. व्हिडिओंमध्ये मिलियन-बिलियन असतं आणि पुस्तकात लाख-कोटी. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी म्हणजेच आपला अब्ज, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. हे तीन फ्रीजवर लिहून लावा आणि हिशेब मात्र घरात एकाच पद्धतीने करा.

डायनासोरकडे येऊ. इथे वेगळं माप धरायचं, एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर. शिंप्याची टेप पुरते. मुलगा स्वतः एक सेंटीमीटर. आजी सत्तर वर्षांची असेल तर सात सेंटीमीटर. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालचा, तो पस्तीस सेंटीमीटरवर येतो, म्हणजे टेप अजून त्याच्या मांडीवरच आहे. आता टेप सोडून अंगणात उतरा. राजापूर, रत्नागिरीकडच्या सड्यांवर जी कातळशिल्पं आहेत, त्यांतली काही दहा हजार वर्षांपर्यंत जुनी असावीत असं अभ्यासक मानतात. दहा हजार वर्षं म्हणजे दहा मीटर, खळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आपल्यासारखा माणूस या पृथ्वीवर साधारण तीन लाख वर्षं आहे, म्हणजे तीनशे मीटर, वाडीच्या टोकापर्यंत चालत जाण्याएवढं. मग डायनासोर कुठे? त्याला सांगू द्या. 'शाळेपर्यंत,' 'देवगडपर्यंत,' काय म्हणेल ते म्हणू दे. डायनासोर संपले त्याला सुमारे ६.६ कोटी वर्षं झाली, म्हणजे छासष्ट किलोमीटर. देवगडहून निघून कणकवली मागे टाकून पुढे जावं लागेल, आणि तिथे पोचलात की डायनासोर संपताना दिसतील, सुरू व्हायला अजून बरंच पुढे.

याच छासष्ट किलोमीटरच्या आसपास आणखी एक गोष्ट आहे आणि ती त्याच्या पायाखाली आहे. सड्यावर वर जांभा दिसतो, त्याच्या खाली काळा दगड आहे, तुमच्याकडे विहीर खणताना लागला असेल. तो लाव्हारस थिजून झालेला, त्याच काळातला, ज्याला दख्खनचे ज्वालामुखी म्हणतात. तेव्हा महाराजांनी डायनासोर पाहिले नाहीत, पण ज्या दगडावर कोकणातले बरेच किल्ले उभे आहेत तो डायनासोरांच्या शेवटच्या दिवसांत वाहत होता, हे त्याला सांगा. रुसवा गेला नाही तर मला कळवा. आणि याच मापाने पृथ्वीचा जन्म ४,५४० किलोमीटरवर जातो. काश्मीर ते कन्याकुमारी अंतर ३,२१४ किलोमीटर धरतात, त्यापेक्षाही लांब.

अवकाशासाठी मात्र पुन्हा पुळण हवी आणि एक शहाळं. साधारण चौदा सेंटीमीटर रुंदीचं बेताचं शहाळं निवडा, तो सूर्य. या खेळात एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. पृथ्वी या मापाने सव्वा मिलिमीटरची होते, म्हणजे एक मोहरी. मोहरी हातात घेऊन मुलाला विचारा, शहाळ्यापासून किती लांब ठेवू? पुस्तकातल्या चित्रात सूर्य आणि पृथ्वी एकाच पानावर असतात, त्यामुळे तो वीतभर लांब ठेवेल. खरं अंतर पंधरा मीटर. मोहरी वाळूत हरवते, म्हणून कागदावर चिकटवून न्या. चंद्र म्हणजे बारीक वाळूचा एक कण, मोहरीपासून चार सेंटीमीटरवर. माणूस आजवर जास्तीत जास्त त्या चंद्रापर्यंत गेला आहे, चार सेंटीमीटर. गुरू म्हणजे एक गोटी, शहाळ्यापासून ७८ मीटरवर. नेपच्यून वाटाण्याएवढा, साडेचारशे मीटरवर, तिथे बाबांना उभं करा, हात हलवला तर दिसतील एवढेच.

यातली मुलांना सगळ्यात आवडणारी गोष्ट प्रकाशाची. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे आपल्या पुळणीवर सेकंदाला तीन सेंटीमीटर. मुंगीच्या चालीने! मुलाला शहाळ्यापासून मोहरीपर्यंत त्या वेगाने सरकत जायला सांगा, तुम्ही घड्याळ लावा. पंधरा मीटरला पाचशे सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद. बहुतेक मुलं दुसऱ्या मिनिटाला कंटाळतात आणि पळत सुटतात. पळू द्या, पण सांगा की आता तू प्रकाशापेक्षा वेगाने गेलास आणि हे विश्वात कुणाला जमत नाही.

१९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान अजून चालूच आहे, आपल्या मापाने सुमारे अडीच किलोमीटरवर पोचलंय, म्हणजे पुळणीच्या टोकापलीकडे कुठेतरी. सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा, तो या खेळात एक सुपारी. मुलाला विचारा सुपारी कुठे ठेवायची. मालवणला? मुंबईला? चार हजार किलोमीटरवर, समुद्र ओलांडून सिंगापूरच्याही पलीकडे. मधे दुसरा कुठलाही तारा नाही.

हे सगळं एका सुट्टीत उरकू नका. सुंबाचा खेळ आधी, मग महिनाभर दुसरं काही नको, बोलण्यात 'किती पट' येत राहू दे. 'मामाकडे किती लांब आहे' असं विचारलं तर 'शाळेच्या वीस पट' असं उत्तर द्या. शाकारणीच्या वेळी घरावर कौलं किती, ते एका रांगेतली मोजून आणि रांगा मोजून काढू दे. घरात धाकटं भावंड असेल तर त्याला लाख-कोटीत ओढू नका, चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून हजारापर्यंत पोचलं तरी त्या वयाला भरपूर आहे. बाईंवर रागावू नका, चाळीस मुलांना घेऊन पुळणीवर जायचं म्हणजे परवानगीपासून भरतीच्या वेळापत्रकापर्यंत सगळं बघावं लागतं. पण पालकसभेत सुंबाची गोष्ट काढून बघा, दोन-तीन आया तयार झाल्या तर सहल तिकडेच नेता येईल.

अबॅकसचं विचारलंत. तो वाईट नाही, बेरीज-वजाबाकीचा वेग आणि एकाग्रता यांना मदत होते, मुलाला आवडत असेल तर घाला. पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, मण्यांच्या चौकटीवरही लाख आणि कोटी यांच्यात दोन काड्यांचंच अंतर असतं. त्या फीच्या थोड्या भागात पन्नास मीटरची टेप येते. फायबरची घ्या, पोलादी घेतलीत तर पुळणीवरच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून जाईल.